खासदाराचे मत मतदाराला दिसू द्या

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केले. विरोधातले ते एकमेव मत शरद जोशींचे होते. चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणारे आणि शेतकऱ्याने जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करावा म्हणून ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम गावोगाव नेणारे जोशी त्या दिवशी अख्ख्या सभागृहाच्या विरुद्ध गेले. मतदारसंघ आळीपाळीने राखीव ठेवण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. पुढे २० सप्टेंबर २०२३ रोजी याच विषयावरचे नवे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. त्या दोन मतांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे आणि दुसरे त्यांचे पक्षाध्यक्ष असदुद्दीन ओवेसी यांचे. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी त्यात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप. हे आक्षेप मला विधेयक अडवण्याइतके मोठे वाटत नाहीत. पण या तिघांनी काय केले आणि का केले, हे इतक्या वर्षांनीही कुणाला सांगता येते, तपासता येते, त्यावर वाद घालता येतो. तिघांमध्ये आणखी एक गोष्ट समान आहे. जोशी हे स्वतंत्र भारत पक्षाचे राज्यसभेतले एकटेच सदस्य होते. एमआयएमचे लोकसभेत दोघेच, आणि त्यातले एक खुद्द अध्यक्ष. वरून कुणी आदेश धाडावा अशी त्यांची स्थिती नव्हती. बाजूने मत देणाऱ्या मोठ्या पक्षांच्या शेकडो खासदारांपैकी एकाच्याही मनात दुसरा विचार आला नसेल, हे मानणे मला कठीण जाते. तो आला असता तरी मतात उतरवण्याची त्यांना सोय नव्हती.

आपल्याकडे खासदाराचे प्रगतिपुस्तक दरवर्षी छापून येते. त्यात हजेरी असते, विचारलेल्या प्रश्नांची संख्या असते, चर्चेतला सहभाग असतो, वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटींच्या स्थानिक विकास निधीपैकी किती खर्च झाला तेही असते. संसदरत्न पुरस्कारांची चर्चा याच आकड्यांभोवती फिरते. या सगळ्यात एक रकाना कधीच नसतो: कोणत्या विधेयकावर खासदाराने काय मत दिले. कायदे करणे हे ज्याचे पहिले काम, त्याच्या कामाच्या हिशेबात कायद्यावरचे मतच नाही. हा दोष पत्रकारांचा किंवा अभ्यासकांचा नाही. बहुतेक वेळा ते मत कुठे नोंदलेलेच नसते, आणि नोंदलेले असते तेव्हा ते खासदाराचे स्वतःचे नसते. मतदाराने खासदाराला त्याच्या मतावरून जोखावे, ही लोकशाहीतली अगदी प्राथमिक गोष्ट आपण अशक्य करून ठेवली आहे. ती शक्य करता येईल, आणि त्यासाठी सरकारच्या स्थैर्याला धक्का लावण्याचीही गरज नाही.

आधी नोंदीचे पाहू. संसदेत बहुतांश विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. पीठासीन अधिकारी ‘होय’ म्हणणाऱ्यांना आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांना बोलायला सांगतात, कानावर पडलेल्या आवाजावरून निर्णय देतात आणि पुढच्या कलमाकडे वळतात. कुणी आक्षेप घेतला तर मतविभाजन होते आणि नावानिशी नोंद होते. पण ही मागणी विनाकारण आहे असे लोकसभेच्या अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. नियम ३६७ नुसार अशा वेळी नावे नोंदवली जात नाहीत. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितले. सदस्य आपल्या जागेवर नव्हते असे कारण देत ती मागणी मान्य झाली नाही, प्रचंड गदारोळ झाला आणि विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यात महाराष्ट्राचे राजीव सातव होते. त्या गोंधळात सदस्य कसे वागले यावर भरपूर लिहिले गेले. पण ज्या कायद्यांनी पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांना बसवले, त्या कायद्यांवर राज्यसभेतल्या एकाही सदस्याचे मत नावानिशी नोंदले गेले नाही, याची आठवण आता कुणी काढत नाही. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द करणारे विधेयकही चर्चेविना आवाजी मतदानाने संमत झाले. देशाच्या शेतीवरचे इतके मोठे दोन निर्णय, एक दुसऱ्याच्या नेमका उलट, आणि नाशिकच्या कांदा उत्पादकाला किंवा लातूरच्या सोयाबीन उत्पादकाला या दोन्ही वेळी आपल्या प्रतिनिधीने काय केले हे कागदावर दाखवता येत नाही.

घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मतविभाजन टळत नाही. जोशींचे आणि जलील यांचे मत आपल्याला ठाऊक आहे ते एवढ्यामुळेच. परंतु मतविभाजन झाले की दुसरी अडचण समोर येते, ती पक्षादेशाची. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावे परिशिष्ट जोडले. पक्षाने काढलेल्या व्हिपविरुद्ध मत देणारा किंवा मतदानाला न फिरकणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले नाही तर, अपात्र ठरू शकतो. त्यात प्रसंगांचा भेद केलेला नाही. अविश्वास ठरावावर मत फिरवणाऱ्याला जी शिक्षा, तीच एखाद्या साध्या विधेयकाच्या दुरुस्तीवर वेगळे मत देणाऱ्याला.

हा कायदा कशासाठी आला होता, ते महाराष्ट्राने तरी विसरू नये. १९६७ च्या निवडणुकांनंतर राज्याराज्यांत पक्षांतराची साथ आली. हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर झाला. त्यावर उपाय सुचवण्यासाठी केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीच्या अहवालातला एक आकडा फार बोलका आहे: सात राज्यांत पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती. मूळ रोग असा खुर्चीचा होता. आमदार विधेयकांवर सद्सद्विवेकाने मते देत होते म्हणून सरकारे कोसळत नव्हती. चव्हाण समितीने म्हणूनच मंत्रिमंडळाचा आकार मर्यादित ठेवण्याची आणि पक्षांतर करणाऱ्याला मंत्रिपदापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. १९८५ साली मात्र मंत्रिपदाला हात न लावता मतावर बंधन घातले गेले, आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला १५ टक्क्यांची मर्यादा यायला २००३ ची एक्क्याण्णवावी दुरुस्ती उजाडावी लागली. मधू लिमये यांनी या कायद्यावर टीका करताना किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला मोकळीक, असे त्याचे वर्णन केले होते. एक तृतीयांशांची फूट वैध ठरवणारा परिच्छेद २००३ मध्ये गेला, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचा दरवाजा अजून उघडा आहे.

व्हिपच्या राज्यात पक्षनिष्ठा म्हणजे नेमके काय उरते, याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. ९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत शिवसेनेच्या खासदारांनी बाजूने मते दिली. दोन दिवसांनी तेच विधेयक राज्यसभेत आले तेव्हा शिवसेनेच्या सदस्यांनी मतदानात भागच घेतला नाही. विधेयक तेच होते, त्यातला मजकूर तोच होता आणि पक्षाचा जाहीरनामाही बदललेला नव्हता. मधल्या काळात मुंबईत नव्याने स्थापन झालेल्या आघाडीतले मित्रपक्ष नाराज झाले होते. आघाडीचे राजकारण असेच चालते, हे मला मान्य आहे, आणि पक्षनेतृत्वाने भूमिका बदलणे हा गुन्हा नाही. माझा प्रश्न त्या खासदारांबद्दल आहे. लोकसभेत बाजूने मत देणाऱ्याला ते विधेयक खरोखर योग्य वाटत होते का? राज्यसभेत अलिप्त राहणाऱ्याला ते अयोग्य वाटत होते का? त्यांच्या मतावरून याचे उत्तर काढता येत नाही, कारण ते मत त्यांच्या नेत्याच्या त्या दिवशीच्या गरजेची नोंद होते.

तिसरा प्रकार गुप्त मतदानाचा. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीत व्हिप चालत नाही. ९ सप्टेंबर २०२५ रोजी उपराष्ट्रपतिपदासाठी तेव्हाचे महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. विरोधकांनी ३१५ खासदार आपल्यासोबत असल्याचा दावा केला होता. कुणाची मते फुटली याचे अंदाज महिनाभर बांधले गेले. इथे खासदाराला स्वतःच्या मनाने मत देता येते, पण ते त्याच्या नावावर लागत नाही. म्हणजे आवाजी मतदानात नाव नाही, व्हिपखालच्या मतदानात मन नाही, आणि गुप्त मतदानात मन असले तरी नाव नाही. स्वतःच्या विचाराने दिलेले आणि नावानिशी नोंदलेले मत, ज्याचा जाब मतदार विचारू शकेल, ते आपल्या खासदाराकडून आपल्याला जवळजवळ कधीच मिळत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आपल्याकडे लोक उमेदवाराला नव्हे, चिन्हाला मत देतात. चिन्हावर निवडून आलेल्याने पक्षाच्या भूमिकेशी बांधील राहणे हीच मतदाराशी प्रामाणिकता. हा आक्षेप मी हलका मानत नाही. कितीतरी खासदार केवळ नेत्याच्या लाटेवर निवडून येतात आणि स्वतःच्या बळावर त्यांना ग्रामपंचायतही जिंकता येणार नाही. पण मतदाराने चिन्हाबरोबर जे स्वीकारले ते जाहीरनाम्यातले कार्यक्रम. जाहीरनाम्यात नसलेल्या, निवडणुकीत उल्लेखही न झालेल्या विधेयकावर श्रेष्ठींनी आदल्या रात्री घेतलेला निर्णय हा मतदाराचा कौल कसा ठरतो? शिवाय मतदारसंघाच्या हिताचा आणि पक्षाच्या भूमिकेचा झगडा होतो तेव्हा काय करायचे, याची उत्तरे आपल्या इतिहासात आहेत. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या निर्णयावरून कुलाब्याचे काँग्रेस खासदार आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले आणि सभागृहात आपली बाजू मांडली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरून आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणाला तोंड फोडले, न्यायमूर्ती छागलांनी चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. काँग्रेस त्याने मोडली नाही. तिची प्रतिष्ठा वाढलीच. आज फिरोज गांधींसारखा खासदार असता तर त्याने भाषण कदाचित केलेही असते, पण त्या भाषणाला साजेसे मत द्यायची वेळ आल्यावर त्याला आधी खासदारकीचा विचार करावा लागला असता. आणि भाषणही पूर्ण सुरक्षित नाही. गोव्यातून आलेल्या रवी नाईक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले, की राजीनामा न देताही केवळ वागणुकीवरून सदस्याने पक्ष सोडल्याचे मानता येते.

दुसरा आक्षेप स्थैर्याचा. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले आणि नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून सरकारविरोधात मत दिले होते. अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून विश्वासदर्शक आणि अविश्वास ठराव, तसेच अर्थसंकल्प, यांवर व्हिपचा धाक राहावा, हे मला मान्यच आहे. सरकार टिकण्याचा प्रश्न एवढ्यावरच ठरतो. पण सर्वच मतांवर लावलेल्या व्हिपने स्थैर्य आणले का, हे गोव्याला आणि महाराष्ट्राला विचारा. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले आणि त्यांची आमदारकी शाबूत राहिली. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना मंदिरात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन निष्ठेची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार गेले. महाराष्ट्रात जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी तर एकाच शिवसेनेचे सुनील प्रभू आणि भरत गोगावले असे दोन प्रतोद होते आणि दोघांचे आदेश परस्परविरोधी होते. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. तरीही १० जानेवारी २०२४ च्या विधानसभा अध्यक्षांच्या निकालात दोन्ही गटांपैकी कुणीच अपात्र ठरले नाही, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीबाबतही तेच झाले. एकटा सदस्य तत्त्वासाठी वेगळे मत देईल तर त्याची जागा जाते. चाळीस जण सत्तेसाठी एकत्र निघाले तर कायदा त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतो. विधेयकांवरच्या मतभेदाला वाट मिळत नाही, तेव्हा असंतोष पक्षातच साचतो आणि एके दिवशी सरकार घेऊन जातो, असा माझा या दोन राज्यांच्या अनुभवावरून निष्कर्ष आहे.

ब्रिटनमध्ये व्हिप आहे आणि तो कडकही आहे, पण तो मोडल्याने खासदारकी जात नाही. १८ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या प्रश्नावर ब्लेअर यांच्याच पक्षाच्या १३९ खासदारांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले. ब्लेअर पंतप्रधान राहिले. जानेवारी २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, त्यात त्यांच्याच पक्षाचे ११८ जण विरोधात होते. दुसऱ्या दिवशी त्याच बंडखोरांनी अविश्वास ठरावावर सरकारच्या बाजूने मत देऊन ते वाचवले. सरकारवरचा विश्वास आणि एका प्रस्तावावरचे मत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. तिथल्या मतदाराला हे प्रत्येक नाव दुसऱ्या दिवशी वाचायला मिळाले.

उरला पैशाचा आक्षेप: व्हिप सैल झाला की उद्योगपती एकेका विधेयकावर खासदार विकत घेतील. भीती खरी आहे. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकार २६५ विरुद्ध २५१ मतांनी वाचले, त्यामागची झारखंड मुक्ती मोर्चाची लाच देशाने पाहिली. पण तो अविश्वास ठराव होता आणि दहावे परिशिष्ट तेव्हा लागू होऊन आठ वर्षे झाली होती. त्याने लाच थांबली नाही. त्या प्रकरणात मतासाठी पैसे घेणाऱ्या खासदारांना संरक्षण देणारा १९९८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी रद्दबातल ठरवला. लाचखोरीचा बंदोबस्त असा फौजदारी कायद्याने करायचा असतो. आणि आजच्या व्यवस्थेत ज्याला कायदा आपल्या बाजूने वळवायचा आहे त्याला शेकडो खासदारांकडे जावे लागत नाही, चार-पाच पक्षश्रेष्ठी पुरतात. प्रत्येक मत नावानिशी नोंदले गेले, तर निदान कुणी कुणाच्या फायद्याचे मत दिले याचा माग काढता येईल.

यातले काहीही नवे किंवा अतिरेकी नाही. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने व्हिपची शिक्षा मोजक्या मतदानांपुरती मर्यादित ठेवायला सांगितले. किहोटो होलोहन खटल्यात १९९२ मध्ये दहावे परिशिष्ट वैध ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मोडल्यास अपात्र ठरवणारा आदेश सरकारवरच्या विश्वासाच्या किंवा ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली त्या धोरणाच्या प्रश्नापुरता असावा. १९९९ मध्ये विधी आयोगाने सरकार धोक्यात असेल तेव्हाच व्हिप काढावा, असे सुचवले. मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक मांडले. पक्षांना कायदा बदलण्याची वाटही पाहावी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर राज्यसभेत बिजू जनता दलाने आपल्या सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितले. पक्षात त्यावरून वादळ उठले, पण पक्ष टिकला आणि कुणाची खासदारकी गेली नाही.

मतांची नोंद करण्यासाठी तर घटनादुरुस्तीही नको. संविधानाच्या अनुच्छेद ११८ प्रमाणे प्रत्येक सभागृह आपले नियम स्वतः करते. प्रत्येक विधेयकाच्या अखेरच्या मंजुरीला नावानिशी मतदान होईल, एवढी एक ओळ नियमांत घालायला साधा ठराव पुरेसा आहे. वेळेची सबब चालणार नाही, कारण नव्या संसद भवनात बटण दाबून मत देण्याची यंत्रणा आहे आणि १७ डिसेंबर २०२४ रोजी एकाच वेळी निवडणुकांच्या विधेयकाच्या मांडणीवर लोकसभेत ती वापरलीही गेली. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचे दोन आणि एक. तुमचा खासदार पुढच्या वेळी गावात किंवा वॉर्डात येईल तेव्हा रस्ता, पाणी आणि रेल्वेचा थांबा जरूर मागा. पण त्याबरोबर गेल्या अधिवेशनातल्या कोणत्याही एका विधेयकाचे नाव घ्या, त्यावर तुम्ही काय मत दिले आणि ते कुठे लिहिलेले आहे असे विचारा, आणि सर्व मतांची नोंद व्हावी अशी मागणी सभागृहात करणार का, याचे उत्तर चारचौघांत घ्या.